लीड्समधल्या जुन्या घराच्या भिंती बाहेरून झाकल्या: इन्सुलेशन, गिलावा आणि लार्च लाकडाच्या फळ्या (प्रकल्प नोंदी)

१४ जानेवारी २०२४

मागच्या बेडरूममधलं कपाट आज पुढे ओढलं. भिंतीवर काळी बुरशी, पार छतापर्यंत, आणि कपाटावरच्या बॅगेतल्या साड्यांना कुबट वास. त्यात बायकोला तिच्या आईने दिलेली इरकल होती, घडीवर ठिपके पडलेत ते आता काही जाणार नाहीत. ती काही बोलली नाही पण मला फार लागलं ते. दर हिवाळ्यात ब्लीचने पुसायचं आणि फेब्रुवारीत परत तेच, हे आता बास, यंदा भिंतीचंच काहीतरी करायचं ठरवलं. इकडे आपली बरीच मंडळी अशी जुनी घरं घेतात म्हणून नोंदी मराठीत ठेवतोय, नंतर कळलेलंही त्या त्या तारखेखालीच लिहिलंय.

घर १९२० च्या दशकातलं सेमी, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. नऊ इंची भरीव विटांची भिंत, मधे पोकळी नाही. वरच्या मजल्यावर बाहेरून जुना खडीचा गिलावा, ज्याला इथे पेबलडॅश म्हणतात. बाजूची भिंत उत्तरेला, मागची पश्चिमेला. छपराला तीन बाजूंनी उतार, त्यामुळे बाजूलाही वळचण आहे, आणि हे नशीब किती चांगलं ते नंतर कळलं.

इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं. खोली १९, बाहेर २, भिंत साधारण १४, आणि कपाटामागे ११. खोलीत दमटपणा ६५ टक्के. १९ अंशाला ६५ टक्के दमटपणा असेल तर १२ अंशाच्या आसपास पाणी सुटायला लागतं, म्हणजे कपाटामागे रोज दव पडत होतं. आम्हाला दोन जणांनी 'ओल जमिनीतून वर चढतेय, भिंतीत रसायनाचं इंजेक्शन मारा' असं सांगितलं होतं. ती ओल खालून नव्हतीच, आमच्याच श्वासाची आणि कुकरच्या वाफेची होती.

३ फेब्रुवारी

इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, आतून लावायचा की बाहेरून यावर दोन आठवडे गेले. आतून केलं तर स्वस्त, पण खोली दहा सेंटिमीटरने कमी होते, स्विचबोर्ड रेडिएटर सगळं हलवावं लागतं, आणि मला खरी भीती लाकडी तुळयांची वाटली. मजल्याच्या तुळयांची टोकं या भिंतीत रुतलेली आहेत, आतून इन्सुलेशन लावलं की वीट आणखी गार पडणार आणि टोकं तिथे दमट राहून कुजणार. बाहेरून लावलं तर अख्खी वीट घराच्या उबेत येते. म्हणून बाहेरून.

पुढची बाजू मात्र आत्ता नाही. तिथे गोल बे-विंडो आणि चांगली लाल वीट आहे, ती झाकायला जीव होईना. पैसेही नव्हते.

टेप घेऊन बाजूचा बोळ मोजला. ८८ सेंटिमीटर. कचऱ्याचा मोठा डबा ५८ रुंद. ही दोन मापं आधी घ्या, बाकी सगळं नंतर. बोळ अरुंद असेल तर जाडी तुम्ही ठरवत नाही, तो डबा ठरवतो.

२ मार्च

तीन कोटेशन आली. बाजूची अख्खी भिंत आणि मागची खालची, मिळून साधारण ५० चौरस मीटर, परांचीसकट.

पहिलं ७,९०० पाउंड. माणूस वीस मिनिटं थांबला, फोटो काढले, 'पेबलडॅशवर सरळ चिकटवतो' म्हणाला. वळचणीचं काय करणार विचारलं तर 'तिथे ट्रिम मारतो'. तिसरं ११,६००. मधलं ९,८००, आणि हा माणूस शिडी लावून वर गेला, पन्हळ बघितली, भिंतीवर हातोडीने ठोकत फिरला आणि कुठे पोकळ वाजतं त्यावर खडूने खुणा केल्या. त्यालाच दिलं. दोन हजार जास्त गेले याचं वाईट वाटलं होतं, आता नाही वाटत.

व्हॅटचं एक. इन्स्टॉलरने इन्सुलेशन आणून बसवलं तर ३१ मार्च २०२७ पर्यंत शून्य टक्के. तेच सामान दुकानातून तुम्ही आणलंत तर २० टक्के. मी लाकडाच्या भागाचं सामान स्वतः आणायचं ठरवलं तेव्हा हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

९ मार्च

सामान कुठलं. खरी निवड दोनात होती: राखाडी ईपीएस किंवा मिनरल वूल (खनिज तंतूंचे बोर्ड). वुड फायबर, म्हणजे लाकडाच्या तंतूंचे बोर्ड, मनापासून आवडले होते पण आमच्या भागात ते लावणारा माणूस मिळेना.

ईपीएस म्हणजे थर्माकोलच, ग्राफाइट घातल्यामुळे राखाडी. फोनवर बाबांना सांगितलं तर ते गप्पच झाले, मग म्हणाले, "अरे मखराचा थर्माकोल? तो तर आपल्याकडे बंद केला सरकारने, आणि तू घराला लावतोयस?" महाराष्ट्रात २०१८ ला बंदी आली ती त्यांच्या लक्षात होती. त्यांना समजावताना माझंच मला नीट मांडता आलं म्हणून इथे लिहितो.

यू-व्हॅल्यू म्हणजे भिंतीतून किती उष्णता निसटते त्याचा आकडा, जितका कमी तितकं बरं. आमची भिंत आत्ता २.१ ची धरली आहे. इमारत नियमांना सुधारलेल्या भिंतीला ०.३० लागतं. ९० मिमी राखाडी ईपीएसने ते जमतं, मिनरल वूल असेल तर ११० मिमी लागतं. म्हणजे वूल जाड, जड, महाग (आम्हाला फरक सुमारे ११०० पडला), अंगाला खाजतं. पण जळत नाही, आणि वाफ त्यातून आरपार जाते, जुन्या विटेला तेच हवं असतं. ईपीएसवाली सिस्टिमही नीट गिलाव्याखाली बंद केली तर नियमात बसते, वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीला आग लागली जून २०१७ मध्ये, ७२ माणसं गेली, तेव्हा आम्ही नवीनच या देशात आलो होतो आणि ती पहाट आम्ही दोघांनी टीव्हीसमोर काढली होती. तिथलं सामान वेगळं होतं, इमारत वेगळी होती, हे मला माहीत आहे. तरी मुलं झोपतात त्या भिंतीला न जळणारं लावायचं ठरलं आणि त्यावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही.

हिशोब: १० मिमी चिकट थर, ११० वूल, ८ गिलावा, म्हणजे १२८. बोळ उरतो ७५ सेंटिमीटर, जिथे पाइप आहे तिथे ६५. डबा जातो.

वरून पातळ सिलिकॉन गिलावा, दीड मिमी दाण्याचा. आपल्याकडच्या वाळू-सिमेंटच्या जाड गिलाव्याची सवय असते म्हणून दीड मिमी ऐकून मला फसवणूक वाटली. पण ताकद खालच्या बेसकोटमध्ये आणि त्यातल्या फायबरच्या जाळीत असते, वरचा थर फक्त रंग आणि पाणी झटकायला. बोर्ड, चिकटवण, जाळी, गिलावा सगळं एकाच सिस्टिमचं आणि एकाच बीबीए (इथली बांधकामाचं सामान तपासणारी संस्था) सर्टिफिकेटखालचं घ्या, यातलं स्वस्त ते आणि त्यातलं स्वस्त हे असं करू नका.

३० मार्च

मागच्या वरच्या मजल्याला लाकूड हवं ही माझी हौस. कोकणातल्या आजोळच्या घराच्या माडीला फळ्या होत्या, तेवढंच एक कारण.

त्यावरून दोन गोष्टी निघाल्या. एक, परवानगीशिवाय काम करायचं तर बाहेरचं रूप आधीसारखं लागतं, आणि खडीच्या गिलाव्याच्या जागी लाकूड म्हणजे आधीसारखं नाही. म्हणून कौन्सिलकडे रीतसर अर्ज, फी तेव्हा २५८ पाउंड, वर ऑनलाइन पोर्टलचा चार्ज. दोन, आग. बाजूची भिंत हद्दीपासून एक मीटरच्या आत आहे, तिथे आगीच्या चाचणीत बी दर्जाचं आवरण लागतं आणि साधं लार्च त्याहून खालच्या डी दर्जात बसतं. म्हणजे बाजूला लाकूड नाहीच. मागची भिंत हद्दीला काटकोनात आहे, तिथे चालतं. तरी शेजाऱ्यांच्या सामाईक रेषेला लागून वूलची उभी पट्टी आणि खिडक्यांभोवती आग अडवणाऱ्या पट्ट्या घालायला बिल्डिंग कंट्रोलच्या (बांधकामाचे नियम तपासणाऱ्या) इन्स्पेक्टरने सांगितलं, ते आनंदाने केलं.

लाकूड सैबेरियन लार्च मनात होतं, पण युद्धानंतर रशियाचा माल इथे येत नाही, म्हणून स्कॉटिश लार्च. गाठी जास्त, पण ठीक. सीडर दुप्पट महाग.

८ जून

परवानगी आली. आठ आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो, नऊ लागले.

२२ जून

मोठं नुकसान वेळेचं. कॉन्ट्रॅक्टरने खडूच्या खुणा केलेला पोकळ पेबलडॅश काढला. खाली वीट ओली, हाताला गार लागेल इतकी. वर बघितलं तर पन्हळीचा एक जोड फुटलेला, पाणी किती वर्षं भिंतीत उतरतंय कोण जाणे. आणि खालच्या विटांच्या सांध्यांत कुणीतरी आधी सिमेंट भरलेलं, त्यामुळे आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. पहिल्या कोटेशनवाल्याने हे सगळं तसंच झाकलं असतं.

पन्हळ दुरुस्त, सिमेंट खरवडून चुन्याचं पॉइंटिंग, ६४० पाउंड. पण खरी किंमत थांबण्याची. ओली भिंत झाकायची नाही यावर कॉन्ट्रॅक्टर अडून बसला आणि त्याने आमचं काम ऑगस्टमध्ये ढकललं. मी चिडलो होतो त्याच्यावर, तो बरोबर होता.

२७ जुलै

ही माझी चूक, पूर्णपणे. लाकडाच्या भागासाठी मी असं ठरवलं होतं: विटेवर १०० मिमी उभे वासे, मधे १०० मिमी वूल, वर श्वास घेणारा पडदा, हवेसाठी २५ मिमी पट्ट्या, मग फळ्या. हिशोब केला, ०.३१ आलं, म्हटलं इन्स्पेक्टर एवढ्यावरून अडवणार नाही. त्याने कागद बघितला आणि विचारलं, "लाकूड कुठे धरलंय?" मी अख्खी भिंत वूलच आहे असं धरून बसलो होतो. वासे भिंतीच्या १५ टक्के भागात, आणि लाकडातून उष्णता वुलाच्या तिप्पट-चौपट जाते. परत केला, ०.३८.

उपाय: उभ्या वाशांवर ५० मिमी आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यात ५० मिमी वूल, म्हणजे आरपार लाकूड फक्त जिथे दोन्ही एकमेकांना ओलांडतात तिथेच. आकडा ०.२७ वर आला. जाडी मात्र फळ्यांसकट १९५ झाली, वळचण ३०० ची असल्यामुळे बसलं, नाहीतर फळ्या छपराबाहेर डोकावल्या असत्या. खालच्या गिलाव्यापेक्षा लाकूड सात सेंटिमीटर पुढे येतं, ते पाणी निथळायला बरंच झालं.

फळ्या उभ्या लावायच्या होत्या, त्या आडव्या केल्या. उभ्या फळ्यांना आडव्या पट्ट्या लागतात आणि त्या हवा अडवतात, मग त्यांच्याखाली आणखी उभ्या पट्ट्या. आडव्या फळ्यांमागे उभ्या पट्ट्या, हवा खालून शिरते वरून निघते, झालं.

१९ ऑगस्ट

परांची उभी राहिली. परांची कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर, मी शनिवार-रविवार त्यावर चढणार म्हणून लेखी परवानगी घेतली. शेजारच्या आजींना आधीच सांगून ठेवलं होतं कारण बोळाकडचे काही खांब त्यांच्या फरशीवर आलेत. त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना चहा दिला.

२४ ऑगस्ट

रात्री पाऊस. मिनरल वूलचे गठ्ठे ड्राइव्हवर होते, वर ताडपत्री होती पण खाली काहीच नव्हतं आणि उतारावरचं पाणी खालून शिरलं. नऊ बोर्ड भिजले. कॉन्ट्रॅक्टर वाळवून वापरू म्हणाला, मी नाही म्हटलं, मग त्याने बदलून दिले. गठ्ठे फळ्यांवर उचलून ठेवा, एवढं साधं.

३१ ऑगस्ट

आज हात थरथरत होते. आमचा खालचा मजला लाकडी आहे, खाली पोकळी, आणि तिथे हवा खेळावी म्हणून जोत्यात जाळीच्या विटा असतात. काम सुरू व्हायच्या आधी मी मोजल्या होत्या, बाजूला तीन मागे दोन. संध्याकाळी माणसं गेल्यावर मोजल्या तर चार. गॅस मीटरच्या पलीकडची एक बोर्डाखाली गडप. ती बंद राहिली असती तर वरून काही दिसलं नसतं, आणि काही वर्षांनी पायाखालची लाकडी जमीन कुजली असती.

सोमवारी बोर्ड कापून नळी बसवली, बाहेर नवी जाळी. कॉन्ट्रॅक्टरने माफी मागितली, पैसे घेतले नाहीत. पण त्याचा फोरमन कागदावर चारच लिहून बसला होता. म्हणून सांगतो, आधीच फोटो काढा, प्रत्येक जाळीच्या विटेवर लाल टेप लावा, आणि रोज संध्याकाळी मोजा.

जोत्यालगत जमिनीपासून १५० मिमीपर्यंत वूल चालत नाही, पाणी उडतं. तिथे एक्सपीएस, म्हणजे पाणी न पिणारा घट्ट फोम, लावला. बॉयलरची धुराची नळी लांबवायला गॅसचा अधिकृत माणूस लागतो, १८५ पाउंड. गॅस मीटरचा डबा हलवायला महिने लागणार होते म्हणून त्याच्याभोवती कापून सोडून दिलं. ही खरीखुरी तडजोड आहे, त्याच्यामागे जिन्याखालचं कपाट येतं आणि तेवढा तुकडा गारच राहणार.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. परांचीखालून मूर्ती आणली, बाबा व्हिडिओ कॉलवर भिंत बघत होते, मखर पुठ्ठ्याचं आहे हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

खिडक्या. इथे सगळ्यात जास्त डोकं गेलं. नुसती भिंत झाकली आणि बाहेरून खिडकीच्या चौकटीकडे आत वळणाऱ्या भिंतीच्या कडा उघड्या सोडल्या तर बुरशी भिंतीवरून उठून चौकटीजवळ जाऊन बसते. पण चौकट दिसते फक्त ३५ मिमी. २० मिमी बोर्ड आणि ७ मिमी गिलावा, उरतात ८. पुढे खिडक्या बदलताना त्रास होणार, ते मान्य करून लावलं.

आणि मग सिल, म्हणजे खिडकीखालची पाणी बाहेर टाकणारी पट्टी. नवीन ॲल्युमिनियमच्या सिलची मापं मी दिली होती, पाच नग. गिलाव्याच्या पुढे ४० मिमी यायला हव्यात म्हणजे पाणी लांब पडतं. मी जुन्या विटेपासून ११० धरले, चिकट थराचे १० आणि गिलाव्याचे ८ विसरलो. सिल बसवून बघितल्या तर पुढे २२ मिमी. फोरमन म्हणाला चालेल, इन्स्टॉलेशनच्या पुस्तिकेत लिहिलंय नाही चालणार. परत मागवल्या. २४० पाउंड आणि अकरा दिवस माझ्या खात्यावर. याच अकरा दिवसांनी पुढे ऑक्टोबर गाठायला लावला.

२१ सप्टेंबर

बेसकोट आणि जाळी झाली. खिडक्यांच्या कोपऱ्यांवर जाळीचे तिरके तुकडे लावायचे असतात, तिथेच भेग जाते. मी बघत होतो तेव्हा लावले. दोन दिवस ऑफिसला होतो तेव्हाचं माहीत नाही.

वळचणीचं काम आज पूर्ण. सॉफिटच्या (वळचणीच्या खालच्या बाजूच्या) फळ्या काढून वूल भिंतीच्या माथ्यापर्यंत नेलं, आतून माळ्यावरच्या इन्सुलेशनला टेकवलं, छपराची हवा अडणार नाही एवढी फट ठेवून. पहिला माणूस जिथे 'ट्रिम मारतो' म्हणाला होता ती हीच जागा. तसं केलं असतं तर छताच्या कडेने एक गार पट्टा राहिला असता आणि बुरशीची सरळ रेघ उमटली असती.

२८ सप्टेंबर

लार्च. मी आणि मित्र, दोन शनिवार-रविवारमध्ये वासे, वूल, पडदा, पट्ट्या झाल्या, खालच्या तोंडाला किड्यांची जाळीही लावली. मग फळ्या चढवायला घेतल्या. स्टेनलेसचे स्क्रू यायला उशीर झाला, हातात झिंक चढवलेले साधे होते, म्हटलं खालच्या चार रांगा यांनीच लावू. मंगळवारी पाऊस, गुरुवारी पाऊस, आज बघतो तर प्रत्येक स्क्रूखाली निळसर काळा ओघळ. लार्चमध्ये टॅनिन असतं, लोखंड आणि पाणी मिळालं की शाईच तयार होते.

चारही रांगांचे स्क्रू काढले, स्टेनलेसचे घातले, ऑक्झॅलिक ॲसिडने डाग धुतले, हातमोजे आणि चष्मा लावून. बरेच गेले. जवळून पाहिलं तर दिसतात. अख्खा रविवार आणि ६२ पाउंड.

फळी आखूड करताना दोन्ही टोकांना भिंतीपासून ८-१० मिमी जागा सोडा, लाकूड फुगतं. प्रत्येक कापलेलं टोक सील करा, पाणी सगळ्यात आधी तिथूनच पितं.

१२ ऑक्टोबर

गिलाव्याचा शेवटचा थर बुधवारी ठरला होता. रात्रीचं तापमान ३ अंश सांगत होते. पाच अंशांच्या खाली गेलं तर थर नीट धरत नाही, रंग ढगाळ दिसतो. कॉन्ट्रॅक्टरला दुसरं काम गाठायचं होतं म्हणून घाई, आवाज थोडा चढला दोघांचाही. शेवटी थांबलो. काल आणि आज दिवसा १३, रात्री ८, ढगाळ, वारा नाही, म्हणजे उत्तम. एका भिंतीचा थर एका दमात ओढावा लागतो, मधे थांबलं तर जोड कायमचा दिसतो. चार माणसं चार उंचीवर, हात न थांबवता, एकाने ओढायचं मागच्याने प्लास्टिकच्या रंध्याने गोल फिरवायचं. दीड तासात अख्खी बाजू. बघत राहावं असं काम होतं.

परांचीचे जादा तीन आठवडे, २७० पाउंड.

१९ ऑक्टोबर

परांची उतरली. बायको अंगणात उभी राहून बघत होती, मग म्हणाली, "आकाशकंदील कुठे टांगायचा?" जुना हूक याच भिंतीत होता, आता ११० मिमी वुलाखाली. पातळ गिलाव्यात खिळा मारून काही टांगता येत नाही, तो वजनही घेत नाही आणि भोकातून पाणीही आत जातं. कपडे वाळवायची दोरी, बाहेरचा दिवा, नळ, हे सगळं आधी ठरवून तिथे बोर्डांऐवजी घट्ट ठोकळे बसवायचे असतात. नळाचा आणि दिव्याचा लक्षात होता, दोरीचा आणि कंदिलाचा नव्हता. यंदा कंदील मागे लार्चवर टांगला, पट्टीत स्क्रू मारून, छान दिसला. उंबरठ्यावरून दिसत नाही एवढंच.

१८ जानेवारी २०२५

बाहेर २, खोली १९. तीच भिंत, तीच जागा: १८. कपाटामागे १७. हीटिंग रात्री दहाला बंद केलं तर सकाळी सहाला आधी १३ असायचं, आता १६.५. पुढची बाजू उघडी असूनही.

दमटपणा मात्र आपोआप कमी झाला नाही. जुन्या भेगांतून शिरणारी हवा थांबली, म्हणून बाथरूमला नवा पंखा, स्वयंपाकघराचा जोरदार, आणि खिडक्यांवर हवेच्या फटी. आता ५२-५५ टक्के. जिन्याखालच्या कपाटात, गॅस मीटरच्या मागे, भिंत १३. तिथे मी काही ठेवत नाही आणि महिन्यातून एकदा बघतो.

एकूण: कॉन्ट्रॅक्टर ९,८००, पॉइंटिंग आणि पन्हळ ६४०, बॉयलरची नळी १८५, अर्ज २५८, बिल्डिंग कंट्रोल ३२०, लाकडाचा सगळा भाग १,९३०, सिल २४०, परांची २७०. साधारण १३,६५०, यात पंखे नाहीत. लाकडाचं सामान इन्स्टॉलरकडून बसवून घेतलं असतं तर इन्सुलेशनवरचा व्हॅट वाचला असता पण मजुरी गेली असती.

२६ ऑक्टोबर २०२५

दुसरा हिवाळा येतोय. या महिन्यात नॅशनल ऑडिट ऑफिसचा (इथला सरकारी खर्च तपासणारी संस्था) अहवाल आला, सरकारी योजनांखाली बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे दोष, बावीस-तेवीस हजार घरं. वाचून पोटात गोळा आला. आमचं काम योजनेतलं नाही, स्वतःच्या पैशांचं आहे, पण माणसं त्याच बाजारातली. त्या घरांतल्या लोकांनी भरवशाने दार उघडलं होतं आणि आता त्यांच्या भिंतीत पाणी आहे, याचा राग येतो.

आज सकाळी टॉर्च घेऊन घराभोवती फिरलो. जाळीच्या विटा पाच. सिलखाली कोरडं. वळचणीला फट नाही. उत्तरेच्या गिलाव्यावर खाली थोडी हिरवी झाक आलीये, मऊ ब्रशने धुतली. लार्च पश्चिमेला छान रुपेरी झालंय, वळचणीखालच्या दोन रांगा मात्र अजून मधाच्या रंगाच्या, पाऊस तिथे पोचत नाही.

आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग, केसाएवढी, वीतभर. मी ऑफिसला होतो त्या दोन दिवसांत झालेला कोपरा. कॉन्ट्रॅक्टरला फोटो पाठवलाय. तो शनिवारी येतोय, तेवढा तुकडा जाळीपर्यंत खरवडून तिरकी पट्टी घालून परत भरायचा आहे, रात्री पाच अंशांच्या खाली गेल्या नाहीत तर.